गिनी डुकाट: साडेतीन ग्रॅमचं डॅनिश नाणं वाचताना

गिनी डुकाट म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सोन्याचं म्हणून ओळखलं जाणारं डॅनिश सोन्याचं नाणं. त्याचा फोटो पाहून डोक्यात एक जाडजूड मोहर तयार होते. प्रत्यक्षात ही चकती साधारण २१ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. वजन साडेतीन ग्रॅमच्या आत. नखाने दाबली तर वाकेल की काय, असं वाटण्याइतकी पातळ. एवढ्याशा जागेत डेन्मार्कच्या राजाचं नाव, पदव्या, ब्रीदवाक्य आणि त्यातच पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा किल्ला किंवा शिडाचं जहाज बसवलेलं असतं. गिनी हे याच किनाऱ्याचं जुनं युरोपीय नाव. या नाण्याबद्दल बोलताना सगळे 'गिनीचं सोनं' या दोन शब्दांवर थांबतात. गंमत अशी की नाण्यातलं सोनं गिनीचं आहे हे सोनं स्वतः कधीच सांगत नाही. ते सांगतात चित्र आणि अक्षरं. म्हणून हे नाणं तोलायच्या आधी वाचायला शिकावं लागतं.

आधी वजनाचा हिशेब, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. १५५९च्या जर्मन साम्राज्याच्या नाणेनियमाने कोलोनच्या एका मार्कातून (मार्क हे वजनाचं माप), म्हणजे सुमारे २३३.८५ ग्रॅममधून, ६७ डुकाट पाडायचे असं ठरवलं. भागाकार केला की ३.४९ ग्रॅम येतात. कस २३ कॅरेट ८ ग्रेन, म्हणजे हजारात ९८६. डॅनिश डुकाट याच घराण्यातला. काही डॅनिश डुकाटांचा कस किंचित खाली, हजारात ९७९च्या आसपास नोंदवलेला दिसतो. व्यापाऱ्याला हॅम्बुर्गपासून व्हेनिसपर्यंत न तोलता चालवता यावं, यासाठी हे माप होतं. आपल्याकडची पुतळी ज्या व्हेनिसच्या नाण्यावरून आली ते याच कुळातलं, म्हणून हाताला हा आकार अनोळखी वाटत नाही.

आता सोनं कुठून यायचं ते. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर, अक्राजवळच्या ओसू गावात, १६६१मध्ये डॅनिशांनी दगडी किल्ला बांधायला घेतला आणि त्याला १६४८मध्ये वारलेल्या चौथ्या ख्रिस्तियानचं नाव दिलं: ख्रिस्तियान्सबोर्ग. त्याआधी तिथे स्वीडिश वखार होती. व्यापाराचा परवाना सुरुवातीला एल्ब नदीवरच्या ग्लुकश्टाट शहरातल्या कंपनीकडे होता. १६७१मध्ये डॅनिश वेस्ट इंडिया कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत गिनीचा व्यापारही तिच्याकडे आला. १७५०च्या दशकाच्या मध्यावर कंपनी मोडीत निघून वसाहती थेट राजाकडे गेल्या. कंपनीच्या सोन्याचे म्हणून ओळखले जाणारे डुकाट याच शतकभराच्या पट्ट्यात बसतात. त्याच्या फार पुढचं साल सांगून कुणी 'कंपनीचा गिनी डुकाट' दाखवला तर थांबावं.

किनाऱ्यावर सोनं मिळायचं ते धुळीच्या आणि कणांच्या रूपात. मोजमाप अकीत चालायचं: १६ अकींचा एक औंस, ८ औंसांचा एक मार्क (कोलोनच्या मार्काहून वेगळा). अकी म्हणजे १.९४ ग्रॅमच्या आसपास, तेव्हा एका डुकाटाचं वजन पावणेदोन अकीहून थोडं जास्त भरतं. कच्ची धूळ बावीस कॅरेटची धरली तर एका डुकाटाला जवळजवळ दोन अकी लागणार. अकान, म्हणजे या भागातले स्थानिक, व्यापारी पितळेची कोरीव वजनं, छोटा तराजू, चमचे आणि धूळ फुंकून वाळू उडवायची ताटली घेऊनच सौद्याला बसत. सोन्यात पितळेचा कीस किंवा हलकं सोनं मिसळण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी चालत, त्यामुळे प्रत्येक सौद्यात तपासणीला वेळ जायचा.

बदल्यात काय जायचं? बंदुका, दारूगोळा, ब्रँडी, लोखंडी पट्ट्या आणि कापड. यातलं बरंच सुती कापड कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं असायचं. डॅनिशांचं तिथलं ठाणं तरंगंबाडी, त्यांच्या भाषेत त्रांकेबार. १६२०मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ते मिळालं, आणि १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर या ठाण्याची वार्षिक खंडणी मराठी राजांच्या दरबारात जमा होऊ लागली. डॅनिश व्यापाराची ही दोन टोकं कागदावर वेगळ्या कंपन्यांची, पण माल कोपनहेगनमार्गे एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचा. मराठी वाचकाचा या नाण्याशी खरा धागा जुळतो तो इथे.

आणि माणसं. सुरुवातीला सोनं आणि हस्तिदंत हा मुख्य माल होता. अठराव्या शतकात गुलामांचा व्यापार त्याच्या वरचढ झाला. डॅनिश जहाजांनी लाखभर आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली, बहुतेकांना सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय या बेटांवरच्या उसाच्या मळ्यांसाठी. १६ मार्च १७९२च्या फर्मानाने हा व्यापार बंद करायचं ठरलं, पण अंमल १८०३पासून. नाण्यावर दिसणारं देखणं जहाज याच मार्गावरचं. लिलावाच्या वर्णनात 'सागरी व्यापाराचं प्रतीक' असा गुळगुळीत शब्दप्रयोग वाचला की ते वर्णन लिहिणाऱ्याच्या बाकीच्या तपशिलांवरही जरा कमी भरवसा ठेवावा.

किल्ल्याच्या इतिहासातल्या दोन घटना हाताशी असाव्यात. १६७९मध्ये आतल्या बंडानंतर किल्ला पोर्तुगीजांच्या हाती गेला, डॅनिशांना तो १६८३मध्ये परत मिळाला. मग १६९३मध्ये अक्वामू या अकान राज्याच्या असामेनी नावाच्या व्यापाऱ्याने युक्तीने किल्ला घेतला, स्वतःचा झेंडा लावला, येणाऱ्या जहाजांशी स्वतः व्यापार केला आणि पुढच्या वर्षी ५० मार्क सोनं घेऊन किल्ला परत दिला. चाव्या मात्र दिल्या नाहीत, त्या अक्वामूंकडेच राहिल्या. ५० मार्क म्हणजे ४०० औंस, साधारण साडेबारा किलो. डुकाटच्या वजनात तोललं तर साडेतीन हजार नाण्यांचा ऐवज. कोपनहेगनची टांकसाळ ज्या सोन्याची फुशारकी मारत होती, त्यातलं एवढं एका झटक्यात उलट्या दिशेने गेलं.

तर हे सोनं टांकसाळीत पोचल्यावर त्याचं काय व्हायचं, हे समजलं की सोनं स्वतःचं गाव का सांगत नाही, हा सुरुवातीचा मुद्दा स्पष्ट होतो. कच्च्या आफ्रिकी सोन्यात चांदी असते. डुकाटच्या कसाला ते थेट चालत नाही, शुद्ध करावं लागतं. जुनी रीत अशी: सोन्याचे पातळ पत्रे मीठ आणि विटेच्या पुडीत रचून, बंद मुशीत, सोनं वितळणार नाही इतक्या आचेवर तासन्‌तास ठेवायचे. चांदी मिठाशी संयोग पावून विटेत शोषली जाते. दुसरी रीत तेजाबाची: सोन्यात मुद्दाम चांदी घालून एकाला तीन प्रमाण करायचं, पत्रे पाडायचे आणि नायट्रिक तेजाबात शिजवायचे. चांदी विरघळते, सोनं तपकिरी चुऱ्यासारखं मागे राहतं. प्रमाण चुकून चांदी कमी पडली तर तेजाब आत शिरत नाही. चांदी फार झाली तर सोन्याचा भुगा होऊन गोळा करताना गळतो. कुठल्याही रीतीने केलं तरी शेवटी उरतं ते जवळजवळ शुद्ध सोनं, आणि जन्मखूण बहुतेक धुऊन जाते. वर मुशीत जुनी नाणी, मोड, कातरण पडलं की संपलंच.

म्हणून 'एक्स-रे यंत्राने तपासलं, गिनीचं सोनं निघालं' असा दावा कुणी केला तर हसून सोडून द्यावा. दुकानातलं एक्स-रे यंत्र सोनं, चांदी, तांबं यांची टक्केवारी देतं, तीही वरच्या काही मायक्रॉनची. प्रयोगशाळेत लेझरने सूक्ष्म मूलद्रव्यं मोजता येतात. ब्राझीलचं सोनं त्यातल्या पॅलेडियमवरून ओळखण्याचं काम अशाच पद्धतीने झालं आहे. पण एका डुकाटावरून खाण सांगणं ही वेगळी गोष्ट.

वाचनाकडे येऊ. पुढच्या बाजूला राजाचा मुखवटा किंवा मुकुटाखाली गुंफलेली आद्याक्षरं. भोवती लॅटिन लेख, बहुतेकदा त्रोटक: 'डी. जी. रेक्स डान. नॉर. व्हान. गॉथ.', म्हणजे ईश्वरकृपेने डेन्मार्क, नॉर्वे, व्हेंड आणि गोथ या लोकांचा राजा. मागच्या बाजूला जहाज किंवा किल्ला. साल झिजलं असेल तर ब्रीदवाक्य कामी येतं, कारण प्रत्येक राजाचं वेगळं. तिसऱ्या फ्रेडरिकचं (१६४८–१६७०) 'दोमिनुस प्रोविदेबित', देव तरतूद करील. पाचव्या ख्रिस्तियानचं (१६७०–१६९९) 'पिएताते एत युस्तितिया', भक्तीने आणि न्यायाने. चौथ्या फ्रेडरिकचं (१६९९–१७३०) 'दोमिनुस मिही अद्युतोर', सहाव्या ख्रिस्तियानचं (१७३०–१७४६) 'देओ एत पोपुलो', पाचव्या फ्रेडरिकचं (१७४६–१७६६) 'प्रुदेन्तिया एत कोन्स्तान्तिया'. अर्धं वाक्य जरी वाचता आलं तरी राजा पक्का होतो. राजा आणि साल यांचा मेळ बसत नसेल तर नाणं बनावट, किंवा दोन वेगळ्या नाण्यांचे साचे घेऊन ओतलेलं.

इथे तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, ख्रिस्तियान्सबोर्ग नावाच्या दोन वास्तू आहेत. आफ्रिकेतला किल्ला एक आणि कोपनहेगनमधला राजवाडा दुसरा. राजवाड्याचं बांधकाम १७३३मध्ये सुरू झालं, सहावा ख्रिस्तियान १७४०मध्ये तिथे राहायला गेला. त्यामुळे १७३३च्या आधीच्या नाण्यावर ते नाव असेल तर तो किल्लाच. त्यानंतरचं असेल तर चित्रात समुद्र, बुरूज, तोफांचे झरोके आहेत का ते पाहायचं. राजवाड्याची पदकं आणि किल्ल्याचे डुकाट यांची विक्रेत्यांच्या यादीत सर्रास सरमिसळ होते.

दुसरं, हत्ती. इंग्लंडच्या गिनी नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली असलेला छोटा हत्ती रॉयल आफ्रिकन कंपनीच्या सोन्याची खूण आहे. ती समजूत घेऊन डॅनिश नाण्याकडे गेलं की चूक होते. डेन्मार्कचा सर्वोच्च राजसन्मानच हत्तीचा आहे, आणि त्याची साखळी राजचिन्हाभोवती कायम दिसते. डॅनिश नाण्यावर हत्ती दिसला म्हणून आफ्रिका सिद्ध होत नाही.

तिसरं, ग्लुकश्टाट. डेन्मार्कचा राजा होल्स्टाइनचा ड्यूकही होता आणि हे शहर ड्यूकच्या त्या प्रांतात. तिथल्या टांकसाळीचं नाणं लिलावाच्या यादीत डेन्मार्कखाली न सापडता जर्मन विभागात, श्लेस्विग-होल्स्टाइनखाली सापडतं. जुने भाव शोधताना दोन्हीकडे शोधा, नाहीतर निम्म्या नोंदी हातातून जातात. त्याच विभागाजवळ ब्रांडेनबुर्गचे जहाजछाप डुकाट असतात. ब्रांडेनबुर्गनेही १६८३मध्ये याच किनाऱ्यावर ग्रोस फ्रीडरिश्सबुर्ग किल्ला बांधायला घेतला होता आणि त्यांचंही नाणं गिनीच्या सोन्याचंच. झिजलेलं असलं तर दोन्ही जहाजं भावंडं वाटतात. लेखात डान. आणि नॉर. आहे की ब्रांड. आहे, तेवढं पाहिलं की झालं.

आता तोलणं. हे घरी करता येतं, नाण्याला धक्का लागत नाही, पण साधन चुकलं की उत्तर निरुपयोगी. विशिष्ट गुरुत्वाचा प्रयोग आहे. ९७९ ते ९८६ कसाचं सोनं, उरलेला भाग चांदी किंवा तांबं धरून, १८.८ ते १९.१च्या दरम्यान येतं. ३.४९ ग्रॅमचा डुकाट पाण्यात बुडवला की त्याचं वजन फक्त ०.१८४ ग्रॅमच्या आसपास घटतं. सराफाकडचा दोन दशांश स्थळांचा काटा इथे कामाचा नाही: ०.०१ ग्रॅमची चूक म्हणजे थेट पाच टक्के, उत्तर १८ येईल किंवा २०. मिलिग्राम दाखवणारा, ०.००१ ग्रॅमचा काटा हवा.

काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा. पाणी डिस्टिल्ड, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब. तो नसेल तर पृष्ठताण पातळ चकतीला वर धरून ठेवतो आणि बुडबुडे अक्षरांच्या खाचांत अडकतात. नाणं मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याच्या फासात अडकवून स्टँडवरून पाण्यात सोडायचं. पूर्ण बुडालं पाहिजे, तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर वाढलेला आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरडं वजन भागिले हा आकडा. दोरा किती बुडतो ते आधी नुसत्या दोऱ्याने पाहून वजा करायचं. पंचवीस अंशाला पाण्याची घनता ०.९९७ असते, तेव्हा उत्तराला त्याने गुणा. तीन वेळा मोजा, पंखा बंद करून. तिन्ही वाचनं दोन-तीन मिलिग्रामच्या आत आली नाहीत तर बुडबुडा कुठेतरी आहेच.

दागिन्याच्या २२ कॅरेट सोन्यात ओतलेली नक्कल असेल तर त्याच वजनाला आकडा ०.१९६ ते ०.१९८ येतो, गुरुत्व १७.६ ते १७.८. फरक बारा-चौदा मिलिग्रामचा. चांगल्या काट्यावर तो स्पष्ट दिसतो. टंगस्टन सोन्याइतकंच जड असल्याने या प्रयोगाला फसवू शकतं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीत टंगस्टन घालून वर तलम अक्षरं उठवणं फार कठीण. डुकाटाच्या बाबतीत खरी भीती वेगळीच आहे: बरोबर कसाच्या सोन्यात, आजच्या साच्याने पाडलेली नक्कल. तिथे काटा गप्प बसतो आणि भिंग बोलतं.

दहापट भिंगाखाली आधी कड पाहा. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. पृष्ठभागावर बारीक पुरळ, अक्षरांचे पाय गोलसर. ठोकलेल्या नाण्यात धातू अक्षराच्या कडेकडून बाहेर वाहिल्यासारखा दिसतो आणि लेखाजवळ सूक्ष्म किरण दिसतात. काही ओरखडे मात्र जुने आणि प्रामाणिक असतात: वजन जास्त भरलं की टांकसाळीतला माणूस चकती छापायच्या आधी कानशीने घासायचा. ते समांतर असतात, उठावाच्या चित्राखाली दबून अर्धवट पुसले जातात. ओरखडा चित्राच्या वरून जात असेल तर तो नंतरचा. ओळखीच्या नाण्याचा चांगला फोटो मिळवून अक्षरांची जागा ताडून पाहणं हा सर्वात खात्रीचा उपाय. दोन 'वेगळ्या' नाण्यांवर एकच खरचटा एकाच जागी असेल तर दोन्ही एका साच्यातून आली.

भाव सर्वात जास्त पाडतं ते दागिन्यात वापरलेलं असणं. हे डुकाट बटणं, पदकं, गळ्यातल्या साखळ्या यांत गेले. कडी काढून भोक बुजवलं असेल तर आसपास सोन्याचा रंग किंचित बदलतो, कारण झाळ कमी कसाची असते. बहुतेकदा ती घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे राजाच्या डोक्यावर. प्रकाश तिरपा पाडून कड फिरवली की तेवढाच भाग सपाट लागतो. वजन ३.५०च्या वर असेल तर आनंद नको, झाळ आतच राहिली असावी.

डॅनिश विक्रेत्यांची प्रतवारी वेगळी आहे. तिथे '०' म्हणजे न वापरलेलं, मग '०१', '१+', '१', '१÷', '२' असं खाली. ते भागाकाराचं चिन्ह नव्हे, डेन्मार्कमध्ये वजाबाकी तशीही लिहितात. नाण्यापुढचा 'हेडे' किंवा 'सीग' क्रमांक डॅनिश सूचीतला, 'फ्रीडबर्ग' जगभरच्या सोन्याच्या नाण्यांचा. दोन्ही क्रमांक एकाच प्रकाराकडे बोट दाखवतात का हे ताडून पाहावं, विक्रेत्यांकडूनही चुका होतात. मालकीची साखळी जितकी जुनी तितकी बरी. एल. ई. ब्रून या लोण्याच्या व्यापाऱ्याचा संग्रह त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे शंभर वर्षं राखीव राहिला आणि सप्टेंबर २०२४पासून कोपनहेगनमध्ये विकायला निघाला. अशा संग्रहाची चिठ्ठी नाण्यासोबत असेल तर ती जपून ठेवा, पाकिटासकट.

ठेवायला पीव्हीसीचं मऊ पाकीट नको. त्यातलं तेल सुटून नाण्यावर चिकट हिरवट थर बसतो, आणि तो काढायच्या नादात सोनं घासलं जातं. मायलर या तेल न सोडणाऱ्या प्लास्टिकचं पाकीट किंवा मापाची कडक डबी घ्या. सोन्यावर क्वचित लालसर ठिपके येतात, मिश्रणातल्या तांब्याचे किंवा बाहेरून चिकटलेल्या कणांचे. ते आहेत तसे राहू द्यावेत. सराफाला कसोटीवर घासू देऊ नये, कितीही ओळखीचा असला तरी. साडेतीन ग्रॅमच्या नाण्यावर कसोटीची एक रेघ म्हणजे कडेचा कायमचा घाव.

शेवटी कायद्याचं. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं कुठलंही नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते भारताबाहेर पाठवता येत नाही. नाणं परदेशी आहे ही सबब चालत नाही. परदेशात घेतलेला डुकाट मुंबईला आणायचा विचार असेल तर सीमाशुल्काची कागदपत्रं आणि मूळ पावती जपा, आणि प्रतवारी करून घ्यायची असेल तर ती आणण्याआधीच, बाहेर असतानाच करून घ्या.